केअर सेंटरमधल्या आईची हेळसांड: अंगावर काय पाहायचं, वहीत काय पाहायचं, कुणाकडे दाद मागायची

नाशिकमध्ये गंगापूर रोड असो, इंदिरानगर असो की म्हसरूळ, बंगल्याच्या फाटकावर ‘पेशंट केअर सेंटर’ किंवा ‘एल्डर केअर’ अशी पाटी आता नवलाची राहिलेली नाही. मुलगा पुण्यात, मुलगी बंगळुरूला किंवा परदेशात, आणि आईला अर्धांगवायूचा झटका आलेला. घरी चोवीस तास बाई मिळत नाही, मिळाली तर टिकत नाही. मग महिन्याचे पैसे भरून आईला अशा ठिकाणी ठेवावं लागतं. त्यात लाज वाटण्यासारखं काहीच नाही. चांगली सेंटर्स नाशिकमध्ये आहेत आणि तिथे घरच्यापेक्षा बरी सेवा मिळालेली माणसंही आहेत. पण जिथे हेळसांड होते, तिथे ती महिनोन् महिने कुणाला कळत नाही. कळली तरी ‘आता कुठे जायचं’ हे माहीत नसल्याने प्रकरण तिथेच मिटतं.

जागतिक आरोग्य संघटनेची आकडेवारी अशी आहे की वृद्धांना सांभाळणाऱ्या संस्थांमधल्या दर तीनपैकी दोन कर्मचाऱ्यांनी वर्षभरात कधी ना कधी गैरवर्तन केल्याचं स्वतःच कबूल केलं आहे. हा आकडा वाचून डोळ्यांसमोर मारहाण येते. प्रत्यक्षात बहुतेक प्रकरणांत कुणी हात उगारलेला नसतो. डायपर आठ-आठ तास बदललेला नसतो, कूस बदललेली नसते. पाण्याचा पेला हात पोचणार नाही इतक्या लांब ठेवलेला असतो, आणि रात्री ओरडू नये म्हणून झोपेची गोळी दिलेली असते. कायद्याच्या नजरेत हेही गुन्हे ठरू शकतात. आपल्याकडे मात्र नातेवाईक ‘मारलं का?’ एवढंच विचारतात आणि ‘नाही’ असं उत्तर आलं की निश्चिंत होतात. नाशिकच्या कोर्टात अशी प्रकरणं हाताळताना माझं मत पक्कं झालंय की विचारायचा प्रश्न वेगळा आहे: त्या रात्री आईची जबाबदारी कुणावर होती, आणि त्यांनी वहीत काय लिहून ठेवलंय?

अंगावर काय पाहायचं

भेटायची वेळ बहुतेक ठिकाणी ठरलेली असते, समजा संध्याकाळी चार ते सहा. त्या वेळेला आईचे केस विंचरलेले असतात, तोंडाला पावडर असते, अंगावर धुतलेला गाऊन असतो आणि तिला खुर्चीत बसवलेलं असतं. तुम्ही समोर बसता, सफरचंद कापून देता, फोनवर नातवाशी बोलायला लावता आणि निघता. पुढच्या वेळी एक करा. तिच्या पायातले मोजे काढा. टाच हातात घ्या आणि मागची बाजू पाहा. मग मावशींना ‘जरा कुशीवर वळवा’ म्हणून सांगा आणि माकडहाड, नितंब, खुब्याची बाजू बघा. झोपून असलेल्या माणसाला बेडसोर आधी इथेच होतात.

बेडसोर एका रात्रीत खोल होत नाही. सुरुवातीला कातडी लालसर दिसते आणि बोटाने दाबून सोडली तरी तो लालपणा जात नाही. सावळ्या अंगावर लाली दिसत नाही. तिथे तेवढाच भाग जास्त काळपट किंवा जांभळट दिसतो, हाताला गरम किंवा कडक लागतो. नंतर साल निघते, मग खड्डा पडतो, शेवटी आतलं हाड दिसेपर्यंत जखम जाते. साधारण दर दोन तासांनी कूस बदलणं, अंग कोरडं ठेवणं, हवेची गादी आणि पुरेसं प्रोटीन यांनी हे बरंच टळतं. सगळं करूनही काही पेशंटना बेडसोर होतात, विशेषतः शेवटच्या दिवसांत किंवा मधुमेह जुना असेल तर. म्हणून बेडसोर दिसला की लगेच ‘हेळसांड’ म्हणू नका. पण खोल, वास येणारी जखम झाली आणि सेंटरने तोवर घरी एक फोनही केला नसेल, तर त्यांच्याकडे उत्तर असायला हवं.

काळ्यानिळ्या डागांचंही तसंच. म्हातारपणी कातडी पातळ होते. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर कोपराखाली हातावर डाग सहज उठतात आणि त्यात कुणाचा दोष नसतो. दंडाच्या आतल्या बाजूला, मांड्यांवर, छातीवर, कानामागे किंवा मानेवर डाग असतील, किंवा दोन्ही दंडांवर बोटांसारख्या खुणा असतील, तर ते आपोआप होत नाही. मनगटाला किंवा घोट्याला पट्ट्यासारखा वण दिसला तर माणसाला बांधून ठेवलं होतं असं समजून चौकशी करा. ‘नाकातली नळी ओढतात म्हणून बांधतो’ हे उत्तर हमखास येतं. कुठल्या डॉक्टरांनी लिहून दिलं, किती वेळासाठी, नोंद कुठे आहे, असं विचारा. मानसिक आजारासाठी 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आहे. त्यानुसार एखाद्याला बांधायचं तर दुसरा इलाजच नसला पाहिजे आणि मानसोपचारतज्ज्ञाची परवानगी व लेखी नोंद हवी. कर्मचारी कमी आहेत हे त्यासाठी कारण होऊ शकत नाही.

वजन हा सगळ्यांत स्वस्त पुरावा, आणि तो जवळजवळ कुणीच ठेवत नाही. ठेवताना वजन किती होतं ते लिहून घ्या आणि दर महिन्याला करायला सांगा. साठ किलोच्या माणसाचं महिनाभरात तीन किलो किंवा सहा महिन्यांत सहा किलो वजन उतरलं तर डॉक्टर ती गंभीर बाब मानतात. जोडीला जीभ कोरडी, लघवी गडद, डोळे खोल गेलेले आणि आई अचानक असंबद्ध बोलायला लागली असेल, तर पाणी कमी पडतंय किंवा लघवीत जंतुसंसर्ग झालाय का हे त्याच दिवशी तपासून घ्या. या वयात संसर्गाचं पहिलं लक्षण ताप नसून भ्रम असतो असं कितीदा घडतं.

झोपेबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण इथे नातेवाईक हमखास फसतात. दुपारी बारा वाजता गेलात तरी आई झोपलेली, चार वाजता गेलात तरी झोपलेली, उठवली तर जीभ जड. ‘आजी आता शांत झाल्यात’ असं कौतुकाने सांगितलं जातं. गोळ्यांची पाकिटं मागा. क्लोनाझेपाम, लोराझेपाम, क्वेटियापिन, हॅलोपेरिडॉल यांपैकी काही नव्याने सुरू झालंय का, कुणाच्या सहीने, ते बघा. ही औषधं काही पेशंटना खरोखर लागतात. पण डिमेन्शिया असलेल्या वृद्धांमध्ये क्वेटियापिनसारख्या औषधांमुळे मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी 2005 मध्येच दिला होता. त्यात पडून खुबा मोडण्याची भीती वेगळी. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय गुंगीचं औषध देणं ही सेवा नव्हे.

बाकीच्या खुणा पटकन सांगते. चष्मा, श्रवणयंत्र, कवळी वारंवार ‘हरवणं’. मंगळसूत्र किंवा पाटल्या ‘काढून ठेवल्यात’ पण पावती नाही. अंगठ्याला शाई लागलेली. पेन्शनच्या खात्यातून अनोळखी रक्कम निघालेली. गुप्तांगाजवळ जखम किंवा रक्त, आणि हे दिसलं तर एक क्षणही थांबू नका. अटेंडंट खोलीतून हलतच नाही. ती आत आली की आई बोलता बोलता गप्प होते.

आणि आईने काही सांगितलं तर ‘तिला भ्रम आहे’ म्हणून झटकू नका. स्मृती गेलेल्या माणसाला तारीख सांगता येत नाही, नाव सांगता येत नाही, पण दुखलं कुठे आणि भीती कुणाची वाटते हे बहुतेक वेळा सांगता येतं.

वहीत काय पाहायचं

सेंटरमध्ये साधारण तीन प्रकारच्या नोंदी असायला हव्यात. कुठलं औषध कधी दिलं त्याची, खाणं-पाणी-लघवी किती झाली त्याची, आणि कूस कधी बदलली त्याची. तुम्ही पैसे भरता, तुमच्या माणसाच्या नोंदी मागायचा तुम्हाला हक्क आहे. ‘दाखवायची पद्धत नाही’ असं उत्तर आलं तर मागणी लेखी द्या.

एका प्रकरणात अशी वही माझ्या टेबलावर आली होती. पूर्ण महिन्याच्या पानांवर एकाच पेनाने, एकाच हाताने, एकाच उतारावर लिहिलेलं: दहा वाजता कूस बदलली, बारा वाजता बदलली, दोन वाजता बदलली. दिवसपाळीच्या आणि रात्रपाळीच्या सह्यासुद्धा सारख्याच. मधल्या दोन दिवसांत त्या आजी हॉस्पिटलमध्ये ॲडमिट होत्या. वहीत त्या दोन रात्रींनाही दर दोन तासांनी त्यांची कूस बदललेली होती. खोटी वही नुसत्या कोऱ्या वहीपेक्षा जास्त बोलते. म्हणून वही हाती येईल तेव्हा प्रत्येक पानाचा फोटो घ्या, नंतर ती बदलली जाण्याआधी.

आणखी एक गोष्ट वहीतूनच कळते: रात्रपाळीला किती माणसं होती. पेठ-सुरगाण्याकडून आलेली वीस वर्षांची एखादी मुलगी बारा तासांच्या पाळीत एकटीने चौदा पेशंट बघत असेल, तर चौदा जणांची कूस दर दोन तासांनी बदलणं तिला अशक्य आहे. अशा प्रकरणात फक्त त्या मुलीवर गुन्हा नोंदवून मालक मोकळा सुटतो, आणि पुढच्या महिन्यात तिच्या जागी दुसरी मुलगी येते. फिर्याद देताना चालकाचं नाव घातलंच पाहिजे. इतक्या पेशंटना एकच माणूस ठेवायचा निर्णय कुणाचा होता, हा प्रश्न फिर्यादीत शब्दांत यायला हवा.

पहिल्या दोन दिवसांत

आधी आईला तिथून हलवा, भांडण नंतर. बिल थकलंय म्हणून माणूस सोडत नसतील तर 112 ला फोन करा. पैशाच्या वसुलीसाठी माणसाला अडकवून ठेवणं ही बेकायदा अटकाव आहे. पैशांचा हिशेब ते नंतर दिवाणी कोर्टात मागू शकतात.

मग थेट हॉस्पिटल. सिव्हिल हॉस्पिटल असो की खासगी, डॉक्टरांना स्पष्ट सांगा की जखमा हेळसांडीतून झाल्याचा संशय आहे, एमएलसी (मेडिको-लीगल केस म्हणून नोंद) करा. एमएलसी झाली की पोलिसांना कळवलं जातं आणि जखमेची लांबी, खोली, अंदाजे किती जुनी हे सरकारी कागदावर येतं. सहा महिन्यांनी कोर्टात तोच कागद कामी येतो. फोटो काढताना जखमेशेजारी पट्टी किंवा नाणं ठेवा म्हणजे आकार समजतो, एखाद्या फोटोत चेहराही येऊ द्या. ज्या फोनने फोटो काढले तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. 2023 च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे अशा पुराव्याबरोबर प्रमाणपत्र द्यावं लागतं, आणि मूळ फोन हाताशी असला की पुढचे वाद टळतात.

सीसीटीव्हीचं चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं. म्हणून त्याच दिवशी सेंटरला लेखी पत्र द्या: अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंतचं फुटेज, नोंदवह्या आणि हजेरीपत्रक जपून ठेवावं. पत्राची पोच घ्या. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती ठेवा. त्याची एक प्रत पोलीस स्टेशनला द्या.

आईचं म्हणणं मोबाइलवर रेकॉर्ड करताना ‘तुला त्या बाईने मारलं ना?’ असं विचारू नका. ‘काय झालं, आई?’ एवढंच विचारा आणि गप्प बसा. तुम्ही तिच्या तोंडात शब्द घातलेत असं समोरचा वकील पहिल्याच उलटतपासणीत म्हणणार आहे. आणि तिला हेही विचारा की तक्रार करायची का. ती सज्ञान बाई आहे. तिला समजत असेल तर निर्णयात तिचा वाटा आधी, तुमच्या रागाचा नंतर.

पोलीस स्टेशन

1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. नुसती चापट मारली, साधी दुखापत झाली, तर ते कलम 115(2) मध्ये येतं. तो अदखलपात्र गुन्हा आहे, म्हणजे कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. ठाणे अंमलदार एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) करतात, कागद हातात देतात, आणि पुढे काही होत नाही. बहुतेक कुटुंबं इथेच थकतात.

पण घडलेलं नीट मांडलं तर चित्र बदलतं. बांधून किंवा कोंडून ठेवलं असेल तर कलम 127 लागतं आणि ते दखलपात्र आहे. तीन दिवस किंवा जास्त कोंडलं तर तीन वर्षांपर्यंत, दहा दिवस किंवा जास्त असेल तर पाच वर्षांपर्यंत कैद. हाड मोडलं असेल तर गंभीर दुखापत. जीव धोक्यात येईल इतका निष्काळजीपणा करून इजा झाली असेल तर कलम 125. आणि जे करायला कायद्याने बांधील आहात ते न करणं, हेही कायद्याच्या भाषेत कृत्यच धरलं जातं. दागिने किंवा पैसे सांभाळायला दिले आणि गिळले तर 316, विश्वासघात. मृत्यू ओढवला तर 106(1), निष्काळजीपणाने मृत्यू, पाच वर्षांपर्यंत कैद. मृत्यू उपचार करताना डॉक्टरच्या निष्काळजीपणाने झाला असेल तर कैद दोन वर्षांपर्यंत. डॉक्टरवर आरोप असेल तर पोलीस आधी दुसऱ्या तज्ज्ञ डॉक्टरांचं मत मागवतात.

एक कलम वकिलांनाही पटकन आठवत नाही: 357. आजारपणामुळे किंवा दुबळेपणामुळे स्वतःचं करू न शकणाऱ्या माणसाची सेवा करायचा करार केला आणि जाणूनबुजून ती केली नाही, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिक्षा लहान आहे आणि गुन्हा अदखलपात्र आहे. पण सेंटरशी झालेला करारनामा आणि महिन्याच्या पावत्या या कलमाखाली सरळ पुरावा ठरतात.

याहून मोठं हत्यार दुसऱ्याच कायद्यात आहे. अर्धांगवायू, पार्किन्सन यांसारख्या आजारांमुळे आई कायमची परावलंबी झाली असेल तर ती दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कक्षेत येऊ शकते. त्याच्या कलम 92 नुसार, दिव्यांग व्यक्ती ज्याच्या ताब्यात आहे त्याने तिला जाणीवपूर्वक अन्न किंवा पाणी नाकारलं तर किमान सहा महिने, जास्तीत जास्त पाच वर्षं कैद आणि दंड. किमान शिक्षा ठरवून दिलेली आहे हे लक्षात घ्या. फिर्यादीत हे कलम लिहायला सांगा, कारण ते आपणहून क्वचितच लिहिलं जातं.

हद्दीचा घोळ नाशिकमध्ये नेहमीचा. शहरात पोलीस आयुक्तालय, पण त्र्यंबक किंवा दिंडोरीच्या बाजूला मळ्यातल्या बंगल्यात चालणारं सेंटर ग्रामीण पोलिसांकडे जातं. ‘आमच्या हद्दीत नाही’ म्हणून कुणी परत पाठवलं तर झिरो एफआयआर मागा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर कुठल्याही ठाण्यात देता येते. ईमेलसारख्या मार्गानेही पाठवता येते, मात्र तीन दिवसांच्या आत जाऊन सही करावी लागते. त्यामुळे परदेशातला मुलगा रात्री खबर पाठवू शकतो, पण सहीचा प्रश्न उरतो. म्हणून नाशिकमधल्या कुणी फिर्याद देणं सोयीचं. तरीही नोंद झाली नाही तर शहरात पोलीस उपायुक्तांकडे आणि ग्रामीणमध्ये अधीक्षकांकडे लेखी अर्ज पाठवा, आणि त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. जबाबासाठी आईला ठाण्यात न्यायची गरज नाही. कुठल्याही वयाच्या स्त्रीचा आणि साठ वर्षांवरच्या पुरुषाचा जबाब पोलिसांनी तो राहतो तिथे येऊन घ्यायचा असतो, हे त्याच संहितेच्या कलम 179 मध्ये लिहिलेलं आहे.

ग्राहक आयोग

फौजदारी खटल्यात शिक्षा होते, पण उपचारांवर गेलेला खर्च सहसा परत येत नाही. त्यासाठी जिल्हा ग्राहक आयोग. पैसे घेऊन सेवा दिली आणि ती सदोष होती, एवढं दाखवायचं असतं. गुन्ह्याइतका कडक पुरावा लागत नाही, म्हणून माझ्या मते बेडसोर, वजन उतरणं, पडून झालेली इजा अशा प्रकरणांत इथे निकाल लागण्याची शक्यता जास्त. फी मुलाने भरली असली तरी जिला सेवा मिळायची होती ती आईसुद्धा ग्राहकच. ती गेली असेल तर वारसांना तक्रार करता येते. तुम्ही पुण्यात राहत असाल तर तक्रार पुण्यात दाखल करता येते, दर तारखेला नाशिकला यायला नको. भरलेली फी पाच लाखांच्या आत असेल तर कोर्ट फी नाही. वकीलही सक्तीचा नाही. मुदत मात्र दोन वर्षांची आहे, ती चुकवू नका. सल्ल्यासाठी 1915.

‘कुठल्याही दुर्घटनेला संस्था जबाबदार राहणार नाही’ असा छापील कागद ॲडमिशनच्या दिवशी सही करून घेतला जातो आणि लोक त्यावरून हात टेकतात. त्या सहीने गुन्हा माफ होत नाही, निष्काळजीपणाही माफ होत नाही.

परवाना कुणी दिला?

इथे आपल्या व्यवस्थेतलं मोठं भगदाड आहे. 2019 च्या डिसेंबरमध्ये लोकसभेत ज्येष्ठ नागरिक कायद्याचं दुरुस्ती विधेयक मांडलं गेलं. त्यात ज्येष्ठांच्या केअर होमची आणि घरपोच सेवा देणाऱ्या एजन्सींची नोंदणी आणि किमान दर्जा यांची तरतूद होती. ते मंजूर झालंच नाही आणि 2024 मध्ये लोकसभेची मुदत संपताना विरून गेलं. साडेचार वर्षं विधेयक पडून राहिलं याचा मला संताप येतो, कारण तेवढ्या काळात कितीतरी बंगल्यांवर नव्या पाट्या लागल्या.

तोवर आहे त्या कायद्यांतून वाट काढावी लागते. आजारी किंवा अशक्त माणसांना ठेवून घेऊन उपचार आणि शुश्रूषा जिथे दिली जाते, ती जागा 1949 च्या महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी कायद्यात येते. नाकातली नळी, युरिन बॅग, ऑक्सिजन, इंजेक्शन हे सगळं करणारं सेंटर ‘आम्ही फक्त वृद्धाश्रम’ असं म्हणत असेल, तर नोंदणी प्रमाणपत्र मागा. शहरात महापालिकेच्या वैद्यकीय विभागाकडे तक्रार करा: शरणपूर रोडला राजीव गांधी भवनात अर्ज द्या आणि आवक क्रमांक घ्या. पालिका हद्दीबाहेर जिल्हा शल्यचिकित्सकांकडे जा. संस्था ट्रस्टची असेल तर धर्मादाय सह आयुक्तांकडे हिशेब तपासण्याची, गंभीर गैरकारभार असेल तर विश्वस्तांना दूर करण्याचीही ताकद आहे. अनुदानित वृद्धाश्रम असेल तर समाजकल्याणचे सहायक आयुक्त, नासर्डी पुलाजवळच्या सामाजिक न्याय भवनात. एकच अर्ज सगळीकडे पाठवू नका. प्रत्येक कार्यालयाला त्याच्या अखत्यारीतली एकच गोष्ट विचारा, नाहीतर फाइल ‘योग्य त्या विभागाकडे’ फिरत राहते.

प्रांतांकडे काय मिळतं

आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांचा चरितार्थ व कल्याण कायदा, 2007 सगळ्यांना ऐकून माहीत असतो. त्याचं न्यायाधिकरण म्हणजे प्रांताधिकारी. मुख्यतः मुलांकडून निर्वाह मिळवण्यासाठी ते आहे, सेंटरला दंड करायला नाही. पण दोन तरतुदी इथे उपयोगी पडतात. कलम 24: ज्याच्यावर ज्येष्ठाची देखभाल आहे त्याने त्याला कायमचं टाकून देण्याच्या हेतूने कुठेही सोडलं, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे फक्त मुलांनाच लागू आहे असं त्यात म्हटलेलं नाही. पैसे थांबले म्हणून म्हाताऱ्या माणसाला रात्री बसस्टँडवर नेऊन सोडणाऱ्या चालकालाही ते लागू करता येतं. कलम 23: सांभाळण्याच्या अटीवर फ्लॅट किंवा जमीन नावावर करून घेतली आणि सांभाळलं नाही, तर न्यायाधिकरण तो व्यवहार रद्द करू शकतं. घेणारा नातेवाईकच असला पाहिजे असं इथेही नाही. 2025 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे लावला. ‘आयुष्यभर सांभाळू’ म्हणून बक्षीसपत्र करून घेणारी मंडळी असतात, त्यांच्याविरुद्ध हा रस्ता खुला आहे.

आणि दोषी घरचेच असतील तर? सहा महिने फी न भरणारा, फोन न उचलणारा मुलगा असतो. अशा वेळी चांगलं सेंटरही अडचणीत येतं. तिथे सेंटरने स्वतः प्रांतांकडे किंवा 14567 या ज्येष्ठांच्या हेल्पलाइनला कळवणं हाच सरळ मार्ग आहे. आजींचं जेवण कमी करणं हा नव्हे.

मृत्यू झाला असेल तर

हे लिहिताना जड जातं, पण सांगायलाच हवं. पहाटे फोन येतो, ‘आजी गेल्या’. सेंटरचे डॉक्टर ‘हृदय बंद पडलं’ असा दाखला लिहून देतात, नातेवाईक गोळा होतात आणि दुपारपर्यंत पंचवटीच्या अमरधाममध्ये सगळं आटोपतं. अंघोळ घालताना पाठीवरची जखम कुणीतरी बघितलेली असते. चार दिवसांनी ते बोलतं. तोवर एकमेव पुरावा संपलेला असतो. संशय असेल तर अंत्यविधी थांबवा आणि पोलिसांना कळवा, म्हणजे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 194 प्रमाणे पंचनामा आणि शवविच्छेदन होईल. घरातली वडील माणसं ‘आता कशाला चिरफाड’ म्हणतील. त्यांचं दुःख खरं आहे, पण तो निर्णय त्या तासाभरातच घ्यायचा असतो. नंतर घेता येत नाही.

वकिलाला पैसे नसतील तर

जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. स्त्रीला उत्पन्न कितीही असलं तरी तिथे मोफत वकील मिळतो, दिव्यांग व्यक्तीलाही मिळतो. म्हणजे तक्रार आईच्या नावाने असेल तर मुलाच्या पगाराचा प्रश्न येत नाही. फोन नंबर 15100.

तुमची आई तिथून सुटली तरी शेजारच्या खाटेवरचे काका तिथेच असतात, आणि त्यांना भेटायला कुणी येत नसतं. त्यांच्यासाठी काही करायचं तर त्यांचं नातेवाईक असण्याची गरज नाही. दिव्यांग कायद्याच्या कलम 7 मध्ये लिहिलंय की एखाद्या दिव्यांग व्यक्तीचा छळ होतोय असं मानायला कारण असेल तर कुणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना, म्हणजे तहसीलदारांना किंवा प्रांतांना, कळवू शकतं, आणि ते त्या व्यक्तीच्या सुटकेचा आदेश देऊ शकतात. म्हणून स्वतःची फिर्याद लिहून झाली की वेगळ्या कागदावर दुसरा अर्ज लिहा: अमुक पत्त्यावर माझी आई होती तेव्हा आणखी इतके पेशंट होते, रात्री इतके कर्मचारी होते, अमुक खाटेवरच्या गृहस्थांचे हात बांधलेले मी अमुक तारखेला पाहिले, तरी पाहणी करावी. तारीख घाला, सही करा, पोच घ्या.